बसण्याची तयारी : पाच गुण

३ तारीख, सोमवार

ज्या माणसाने साठ वर्षं दुसऱ्यांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवला, त्याला ‘आता तुम्हाला आंघोळ घालायला माणूस ठेवावा लागेल’ हे कोणत्या शब्दांत सांगायचं? मला माहीत नाही. कॉलेजात ‘वृद्धांचे प्रश्न’ या विषयावर मी चाळीस पानांचा प्रकल्प लिहिला होता. त्यात हा प्रश्न नव्हता.

तरी आज जेवताना विषय काढला.

“आजोबा, तुम्ही पडल्यापासून आम्हाला काळजी वाटते.”

“कोण पडलं?”

“तुम्ही. शनिवारी. न्हाणीघरात.”

“मी पडलो नाही. खाली बसलो.”

“बादलीसकट?” आई म्हणाली.

आजोबा पाणी प्यायले आणि आईच्या डोक्याकडे बघून म्हणाले, “भांग वाकडा पडलाय तुझा.”

आमच्या घराला पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि शेवटी न्हाणीघर. दिवसभर आई गणवेश शिवायच्या कारखान्यात असते, मी वाचनालयात आणि बाबा दुकानात. शनिवारी धाडकन आवाज झाला तेव्हा बाबा गिऱ्हाईकाच्या तोंडाला साबण लावून बसले होते. अर्धी दाढी झाली होती. ते तसेच आत धावले. आजोबांना उठवून, पुसून, कपडे चढवून बाहेर आले तोवर पाऊण तास गेला होता आणि गिऱ्हाईकही गेलं होतं. त्याने उरलेली अर्धी दाढी समोरच्या दुकानात करून घेतली. बाबांना आजोबांच्या पडण्याइतकंच हे लागलंय.

रात्री मोठ्या काकांचा फोन आला. त्यांच्या गावाजवळ एक वृद्धाश्रम आहे, तिथे एक खोली रिकामी होतेय. काकांनी नाव घालून ठेवलंय. म्हणाले, “तीस तारखेच्या रविवारी मी गाडी घेऊन येतो. तोवर घरी येणारा भरवशाचा माणूस मिळाला तर उत्तम. नाहीतर अप्पांना घेऊन जातो. न्हाणीघरात मान मोडून घेण्यापेक्षा ते बरं.”

काका चुकीचं बोलत नाहीत. त्यामुळे त्यांच्याशी भांडता येत नाही.

मी म्हटलं, “मी शोधते माणूस.” सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एकदम सुटल्यासारखे जेवायला लागले. घरात छापील कागद आला की तो माझ्याकडे येतो. वीजबिल, नोटीस, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर. आता आजोबाही त्यातच जमा.

५ तारीख, बुधवार

घरी माणसं पाठवणाऱ्या एका संस्थेत जाऊन आले. तिथल्या व्यवस्थापक बाई म्हणाल्या, “इंजेक्शन, मलमपट्टी हे आमचं काम नाही. आंघोळ, कपडे, चालवणं, खाऊ घालणं, सोबत बसणं, एवढंच.” मला ‘एवढंच’ हा शब्द खटकला, पण वाद घातला नाही. वाचनालयाच्या फलकावरही एक चिठ्ठी लावली.

संध्याकाळी गुणपत्रक तयार केलं. शंभर गुण. स्वच्छता वीस, अनुभव वीस, प्रमाणपत्रं पंधरा, वेळ पाळणं पंधरा, ज्येष्ठांच्या मानसिक गरजांची जाण तीस. पन्नासच्या खाली नापास. बाबांना वाचून दाखवलं.

“मला दुकानात माणूस ठेवायचा असला की मी त्याच्या हातात कंगवा देतो,” बाबा म्हणाले. “धरतो कसा ते बघतो. झालं.”

“ते शास्त्रीय नाही, बाबा.”

“नसेल. पण पंचवीस वर्षांत एकच माणूस चुकीचा निघाला. आणि तो तुझा मामा होता.”

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “ऐकू येतंय मला.”

८ तारीख, शनिवार

आज मुलाखती झाल्या. दुकानात बाकावर बसवून एकेकाला बोलावलं.

पहिली प्रमाणपत्रवाली. नऊ प्रमाणपत्रं, प्रत्येक प्लॅस्टिकच्या पिशवीत. चौऱ्याऐंशी गुण. दुसरे पैलवान: पूर्वी आखाड्यात होते, आता हेच काम करतात, आजोबांना एका हाताने उचलतील. अठ्ठ्याहत्तर. तिसरी बाई दहाला बोलावलं तर दहाला एक मिनिट कमी असताना आली, उत्तरं मोजून दिली आणि जाताना बाक पुसून गेली. मी तिचं नाव घड्याळबाई ठेवलं. ब्याण्णव! पण ती सोळा तारखेपर्यंत दुसरीकडे बांधलेली आहे. हे तिघेही संस्थेचे.

चौथा वाचनालयातली चिठ्ठी वाचून आलेला. पंचावन्नचा असेल, टकला. वीस मिनिटं उशिरा. विचारलं तर म्हणाला, “जिन्यात दोन पोरं फ्रिज घेऊन अडकली होती, त्यांना सोडवून आलो.” अठ्ठावीस वर्षं लोकांचं घरसामान हलवायचं काम केलंय. त्या आधी स्वतःच्या आईचं सहा वर्षं केलं. प्रमाणपत्र नाही.

“ज्येष्ठांच्या मानसिक गरजांबद्दल तुम्हाला काय माहिती आहे?”

“काही नाही. भेटल्याशिवाय कसं कळणार?”

“उचलण्याचं काही तंत्र?”

“कपाट ओढायचं नसतं, ताई. त्याच्या कलाने जायचं. कुठे धरायचं ते कपाटच सांगतं.”

वृद्ध माणसाची तुलना कपाटाशी केल्याबद्दल मी तिथे शून्य दिलं. एकूण एकेचाळीस.

सगळे गेल्यावर बाबांना विचारलं, “कसे वाटले?”

“प्रमाणपत्रवालीचे केस टोकांना फाटलेत. पैलवानाचा मागचा कट कुणीतरी घाईत मारलाय. आणि तो कपाटवाला…” बाबा थांबले. “डोक्यावर धड मूठभर केस नाहीत. अशा माणसाशी माणसाने बोलायचं काय?”

ह्या घरात वस्तुनिष्ठ विचार करणारी मी एकटीच आहे.

१० तारीख, सोमवार

प्रमाणपत्रवालीचा पहिला दिवस. मी मुद्दाम रजा काढली होती, पण लुडबुड नको म्हणून पुढे दुकानात बसले. तासाभराने ती बाहेर आली, पर्स घट्ट धरलेली. “मला हे जमणार नाही. असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं,” म्हणाली आणि गेली. काय सांगितलं, ते सांगायला थांबली नाही.

आत गेले. आजोबांची खोली रोजच्यासारखीच होती. फक्त खुर्ची खिडकीसमोर ओढलेली आणि तिच्याखाली जुनं वर्तमानपत्र पसरलेलं.

“आजोबा, काय झालं?”

“काही नाही. मी तिला बस म्हटलं. बसली नाही.”

म्हणजे इतकी प्रशिक्षित बाई, पण म्हाताऱ्या माणसाजवळ दोन मिनिटं टेकायची तयारी नाही. मी विचार केला आणि गुणपत्रकात नवीन रकाना घातला. ‘बसण्याची तयारी: पाच गुण.’ ते ‘अनुभव’मधून कमी केले.

१३ तारीख, गुरुवार

पैलवान सकाळी आले आणि बसले! दाराच्या फटीतून मी त्यांना खुर्चीत बसलेलं पाहिलं, खांद्यावर काहीतरी पांढरं होतं, आणि समाधानाने वाचनालयात गेले. दुपारी बाबांचा फोन. पैलवान कानावर हात धरून दुकानातून पळत गेले, चप्पल इथेच.

“हलला,” आजोबा म्हणाले. “एवढा मोठा गडी, पण मुंगी चावल्यासारखा हलला.”

स्थिर वृत्ती हवी, हे खरं आहे. तोही रकाना घातला, गुण अजून ठरायचेत. आता गुणपत्रक दोन पानांचं झालंय.

आई म्हणाली, “मामंजींच्या उशाखाली मला कात्री सापडली.” मी म्हटलं, ती तिथेच असते. त्यांची धोकटी, म्हणजे वस्तरे, कात्र्या, कंगवे ठेवायची चामडी पिशवी, गेली दोन वर्षं पलंगाखालीच आहे. एका मास्तरांच्या कानाला कात्री लागली तेव्हापासून बाबांनी त्यांना दुकानात उभं राहू दिलेलं नाही. हात थरथरतो ना. आजोबा त्यावर एक शब्दही बोलले नव्हते. रोज सकाळी पट्ट्यावर वस्तऱ्याला धार मात्र लावतात. आम्हीही कुणी त्यांच्याकडे केस कापायला बसत नाही, हे ओघानेच आलं. मी कॉलेजजवळच्या पार्लरमध्ये जाते. बाबा समोरच्या दुकानात जातात, मागच्या दाराने, आणि आजोबा दर वेळी म्हणतात, “समोरच्याचं मशीन बोथट झालंय बघ.”

१४ तारीख, शुक्रवार

व्यवस्थापक बाईंचा फोन आला. मी वाचनालयात होते, सगळे वाचक माझ्याकडे बघायला लागले इतका त्यांचा आवाज मोठा होता.

“तुमचे आजोबा आमच्या माणसांचे केस कापतात!”

मी म्हटलं, शक्यच नाही. मग एकेक गोष्ट डोळ्यांसमोर आली. वर्तमानपत्र. खांद्यावरचं पांढरं. कान. आणि मी गुणपत्रकात रकाने वाढवत बसले होते. हुशारी असावी तर अशी.

बाई म्हणाल्या, अठरा वर्षांत असा प्रकार पहिलाच. आजच्या आज नियम केलाय, चौदावा: ‘सेव्य व्यक्तीने सेवकाच्या अंगावर कोणतेही धारदार हत्यार चालवू नये.’ घरातली हत्यारं कुलपात ठेवल्याचं लिहून दिलं तरच पुढचा माणूस मिळेल.

नियम योग्यच आहे. कुणाचा कान हा कुणाचा तरी कान असतो. घरी येऊन धोकटी माझ्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. आजोबा पलंगावर बसून बघत होते.

“आजोबा, हे तुमच्याच भल्यासाठी आहे.”

“हो,” ते म्हणाले.

इतक्या सहज ऐकतील असं वाटलं नव्हतं.

१९ तारीख, बुधवार

घड्याळबाईंचा आज तिसरा दिवस आणि मला लिहायला अक्षरशः सवड झाली! सगळं सुरळीत. नवाला आंघोळ, साडेनवाला चहा, अकराला दुकानाच्या दारापर्यंत चालणं आणि परत. आजोबा लहान मुलासारखे शहाणे झालेत. हात वर म्हटलं की हात वर. घड्याळबाई म्हणाल्या, “इतका चांगला माणूस मी पाहिला नाही. काही म्हणजे काही बोलत नाहीत.”

काकांना फोन करून सांगितलं. तेही खूश झाले, खोलीचं मात्र तीस तारखेला येऊन ठरवू म्हणाले. व्यवस्थापक बाईंनी कराराचा कागद पाठवलाय. शुक्रवारी सही करेन. गुणपत्रक उपयोगी पडलं असं म्हणायला हरकत नाही. वाचनालयाच्या मासिकात याविषयी एक लेख द्यावा का?

२१ तारीख, शुक्रवार

सही केली नाही. कारण लिहिता येत नाही.

झालं एवढंच, की दुपारी बाबा गिऱ्हाईक सोडून मागे आले आणि दारात उभे राहिले. मी विचारलं काय हवं.

“आवाज नाही,” ते म्हणाले.

“कसला?”

“अप्पांचा. चार दिवस झाले. कुणाचे कल्ले वरखाली झाले तरी आतून ओरडले नाहीत. आज मी मुद्दाम एकाला वेडावाकडा भांग पाडून आत पाठवला, त्यांना भेटून ये म्हणून. बघितलं आणि ‘बरं आहे’ म्हणाले.”

“मग चांगलंच आहे की. शांत झालेत.”

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मला ‘वृद्धांचे प्रश्न’ आठवून लाज वाटली.

सकाळी पट्ट्याचा आवाजही नसतो हल्ली. नसणारच. पट्टा धोकटीबरोबर माझ्या कपाटात आहे.

२३ तारीख, रविवार

आजोबांनी स्वतःची पिशवी भरली. दोन सदरे, टॉवेल, आजीचा फोटो. काका पुढच्या रविवारी येणार, तरी आजच. दाराजवळ ठेवून दिली.

आई रडायला लागली. “मामंजी, माणूस मिळालाय ना आता? ती बाई चांगली आहे ना?”

“छान आहे.”

“मग?”

“मग काय? तिथेही असेलच की अशी एखादी. इथे काय नि तिथे काय. तिथे निदान पोराला साबण लावलेलं गिऱ्हाईक सोडून पळायला लागणार नाही. खोलीला खिडकी आहे ना, एवढं विचारा.”

मला आधी राग आला. इतकं सगळं केलं मी! ब्याण्णव गुणांचा माणूस आणून दिला! मग राग गेला आणि काहीच उरलं नाही.

२४ तारीख, सोमवार

घड्याळबाई गेल्यावर आजोबांच्या खोलीत गेले. गुणपत्रक नेलं नाही. खरं तर काय विचारायचं ते ठरलंच नव्हतं, म्हणून जे आलं ते विचारलं. “तुम्ही त्यांचे केस का कापत होतात?”

ते खिडकीकडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “पोरी, दुकानात कोण येतो ते आधी माहीत असतं का? नाही. ओळख ना पाळख. येतो, बसतो, डोळे मिटतो आणि गळा वर करतो. माझ्या हातात उघडा वस्तरा. साठ वर्षं मी तेच बघत आलो. एकाने विचारलं नाही, तुमच्याकडे प्रमाणपत्र आहे का.”

मी पलंगाच्या कडेला बसले.

“आता मला एका परक्या माणसासमोर कपडे काढून बसायचंय. बसेन की. म्हातारपण आहे, नाटकं कशाला? पण आधी तो बसू दे ना माझ्यासमोर. एकदाच. मग आम्ही दोघं सारखे.”

“पण हात थरथरतो, आजोबा.”

“म्हणून तर. न थरथरणाऱ्या हातापुढे कोणीही बसतं.”

मी कुलूप उघडून धोकटी त्यांच्या पलंगावर ठेवली. त्यांनी लगेच उघडली नाही. वरून हात फिरवला फक्त.

लिहितानासुद्धा भीती वाटतेय. कुणाला लागलं तर? नियम चौदा मूर्खपणाचा नाही. आणि हेही खरं, की मी स्वतः दोन वर्षांत त्या खुर्चीत बसलेली नाही.

संस्थेकडे जायला आता तोंड नाही, हत्यारं कुलपात असल्याचं मीच लिहून दिलंय. उरतो एक जण, एकेचाळीस गुणांचा. फोन लावला. आडपडदा न ठेवता सांगितलं, “आधीच सांगते, आमचे आजोबा तुमचे केस कापायला बघतील.”

पलीकडे काहीतरी जड खाली टेकवल्याचा आवाज आला.

“कुठले?” कपाटवाले म्हणाले.

२५ तारीख, मंगळवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. काका विचारतील तेव्हा माझी तारांबळ व्हायला नको. (घड्याळबाईंना तूर्त येऊ नका म्हणून कळवलं होतं.)

कपाटवाले वेळेवर आले. आजोबांसमोर उभे राहून म्हणाले, “नमस्कार, उस्ताद. बसू?” आणि बसले. आजोबांनी अंगावर पांढरा कपडा टाकला, मागे गाठ मारली आणि त्यांच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. रिकाम्या प्लॉटभोवती मारतात तशा.

“काय कापू?”

“तुमची मर्जी. कानामागे थोडं पीक आहे.”

“कात्रीचं काम नाही,” आजोबा म्हणाले. “वस्तरा.”

 बाबा दारातून म्हणाले, “अप्पा, नको.” त्यांच्या मागे दोन गिऱ्हाइकं, एकाच्या गळ्यात अजून कपडा तसाच. आजोबांनी वस्तरा उघडला. हात थरथरत होता, नेहमीपेक्षा जास्त. पातं खिडकीच्या उजेडात लुकलुकत होतं.

कपाटवाल्यांनी डोळे मिटलेले होते. तसेच म्हणाले, “उस्ताद, कपाट दोघं नेतात तेव्हा एक जण चालतो नि दुसरा खालून धरतो. तुम्ही चाला. मी धरतो.” आणि कपड्यातून हात बाहेर काढून वर केला आणि आजोबांच्या कोपराखाली तळवा लावला. दाबला नाही, ओढला नाही. नुसता ठेवला.

हात थांबला असं नाही म्हणणार मी. पण जवळजवळ. वस्तरा कानामागून मानेपर्यंत सरळ खाली आला. खर्रर्र. बाबांनी इतका मोठा श्वास सोडला की गिऱ्हाईक दचकलं. पाच-सहा वेळा खर्रर्र झालं. डाव्या कानामागे एकदा लागलं, तिळाएवढं. आजोबांनी तुरटी फिरवली.

“हलला नाहीस,” आजोबा म्हणाले.

“हलून कसं चालेल? पायावर पडतं.”

मग आजोबांनी वस्तरा पुसला, मिटला, आणि स्वतःच टॉवेल उचलला. “चल. आता माझी पाळी.” दोघं न्हाणीघरात गेले. आतून वीस मिनिटं आरडाओरडा ऐकू येत होता. “साबण असा फासतात? भिंत रंगवतोस का? गोल फिरव, गोल!” आणि मध्येच कपाटवाल्यांचं, “पाय उचला, उंबरा आहे. हां. आता मी.”

बाबा दुकानात परतले. पाच मिनिटांनी आतून आवाज आला: “उजवा कल्ला बघ! टॉवेल गुंडाळलाय मी, तरी इथून दिसतोय!”

इथून दिसणं शक्य नाही. मधे दोन भिंती आहेत. पण बाबांनी कल्ला तपासला, आणि तो खरंच वर गेला होता.

२६ तारीख, बुधवार

बाबांनी दुपारी दुकानाला ‘पंधरा मिनिटांत येतो’ची पाटी लावली आणि मागे येऊन खुर्चीत बसले.  आजोबांनी बाबांची मान खाली दाबली, लहान मुलाची दाबतात तशी. कपाटवाल्यांनी कोपर धरलं. कात्री चालू झाल्यावर आजोबा म्हणाले, “समोरच्याने दोन वर्षांत पार वाट लावलीय.”

बाबांचा एक कल्ला आता दुसऱ्यापेक्षा अर्धं बोट वर आहे. दिवसभर कुणी विचारलं की सांगतात, “अप्पांनी कापले.” आई म्हणाली तुम्ही खुळे दिसताय. ते म्हणाले, “असू दे.”

२७ तारीख, गुरुवार

कपाटवाल्यांचे गुण पुन्हा मोजले. बसण्याची तयारी: पाचपैकी पाच. एकूण शेहेचाळीस. माझ्याच नियमाने अजून नापास.

खूप विचार केला. कपाटवाले आजारी पडले तर कोण? एखाद्या दिवशी तिळाएवढं न लागता जास्त लागलं तर? काका विचारतील, लेखी काय आहे तुझ्याकडे, आणि माझ्याकडे लेखी फक्त शेहेचाळीस आहे.  तरी आज सकाळी पट्ट्याच्या आवाजाने जाग आली आणि मी पुन्हा झोपले, ह्या महिन्यात पहिल्यांदाच घड्याळ न बघता.

२८ तारीख, शुक्रवार

घड्याळबाईंना नकार द्यायला स्वतः गेले. फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं. सगळं खरं सांगितलं, धोकटी, खुर्ची, कोपर. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“मला कुणी विचारलं का बसायला?” त्या म्हणाल्या.

“नाही. मी तुमच्या आधीच कुलूप लावलं होतं.”

“विचारलं असतं तर बसले असते. केस वाढलेत माझे, बघताय ना?”

मी बघितलं. वाढले होते. आठवडाभर त्या घरी येत होत्या आणि आमच्या घरात हे दिसलं नाही असं पहिल्यांदाच झालं असेल.

“पण नियम चौदा?” मी म्हटलं.

“रविवारी मी संस्थेची नसते. कपाटवाल्यांनाही सुट्टी लागेल ना एक दिवस?”

एखाद्याला ब्याण्णव गुण देऊनही त्याला ओळखता येत नाही, असं दिसतं.

२९ तारीख, शनिवार

दुपारी चारला वाचनालयात फोन आला. वृद्धाश्रमातून. काका प्रवासात असतील म्हणून त्यांनी माझा नंबर देऊन ठेवला होता. तिथली बाई फार गोड बोलत होती. म्हणाली, “खोली उद्यापर्यंत तुमच्या नावावर आहे, पण आमच्याकडे एक आजी दोन महिने थांबल्यात. तुमचं नक्की आहे ना? की पुढे द्यायची?”

मला म्हणता आलं असतं, काकांना विचारून सांगते. बाबांना विचारते. आजोबांनाही, कारण पिशवी अजून दाराजवळच आहे. तिच्यातला टॉवेल तेवढा रोज काढतात आणि वाळला की परत ठेवतात.

“खोलीला खिडकी आहे का?” मी विचारलं.

“आहे की. मोठी. बागेकडे उघडते.”

“मग त्या आजींना द्या,” मी म्हटलं. “आमचं नाव काढून टाका. लेखी हवं असेल तर आत्ता पाठवते.” आणि पाठवलं. ‘नात व जबाबदार व्यक्ती’ असं लिहून खाली सही केली. पाच मिनिटांत त्यांचं उत्तर आलं: नाव कमी केलं आहे, आभार.

घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. उद्या दहाला काका येतायत, मोठी गाडी घेऊन. सगळ्यांनी शांतपणे बसून सगळ्या बाजूंनी चर्चा करू, असं त्यांनी कळवलंय.

चर्चा मी होऊ देणार आहे.